वाचनाची गती आणि पुराणाची ओवी

भिवंडीत कल्याण नाक्याच्या बाजूला विजेच्या खांबांवर मध्यंतरी एक जाहिरात झळकत होती. दहा दिवसांत वाचनाचा वेग तिप्पट आणि वाचलेले कायमचे लक्षात, असा तिचा मजकूर होता. रविवारची मिस्सा आटोपल्यावर दोन-तीन कुटुंबांनी आम्हाला गाठून विचारले की, मुलांना या वर्गाला घालावे काय? फी थोडीथोडकी नव्हती. एका घरची मिळकत लूमच्या पाळीवर अवलंबून, दुसऱ्या घरचा कर्ता गोदामात हमालांची हजेरी लिहिणारा. मुले दहावीच्या उंबरठ्यावर. 'करू नका' म्हणावे तर आपणच मुलांची वाट अडवली असे व्हायचे. 'करा' म्हणावे तर कशाच्या आधारावर? आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागलो. ते आठ दिवस पुढे बरेच लांबले. हा लेख त्या शोधातून झाला.

वेगाने वाचण्याची हाव आजची आहे, असे आपल्याला वाटते. परंतु शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत वाचणे म्हणजे मुळात मोठ्याने वाचणे, आणि बहुधा दुसऱ्यांसाठी वाचणे, असेच असे. जुनी पोथी ज्यांनी हाताळली आहे त्यांना ठाऊक असेल की तिच्यात शब्द तोडलेले नसतात. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरे एकास एक लागून जातात. मध्ये स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. चरण संपला की दंड, एवढेच. अशी ओळ नुसत्या डोळ्यांनी वाचू पाहणारा अडखळतो. तीच ओळ ओठांनी म्हणू लागले की कान शब्द वेगळे काढून देतो. मोडीची गोष्ट याहून न्यारी. तिथे लिहिणाऱ्याला बोरू उचलावा लागू नये, अशी सोय होती. वेग लिहिणाऱ्याच्या पदरात पडला आणि वाचणाऱ्याच्या वाट्याला कष्ट आले.

युरोपातही याहून वेगळे नव्हते. संत अगस्तीन मिलान नगरीत असताना त्याने महागुरुस्वामी संत अंब्रोज यांना वाचताना पाहिले. डोळे पानावरून फिरत आहेत, पण जीभ हलत नाही, आवाज नाही, हे त्याला इतके नवलाचे वाटले की चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहायला घेतलेल्या आपल्या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागात त्याने ते नमूद करून ठेवले. शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडण्याची रीत आयर्लंडच्या मठवासीयांनी सातव्या-आठव्या शतकात रुजवली. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. परक्या भाषेतला शब्द कुठे संपतो हे त्यांना कळावे म्हणून ही युक्ती. मूक वाचन त्यातून वाढले, आणि मूक वाचनातून वेग. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० सालचे. वाचनाचा वेग वाढवण्यासाठी महाराष्ट्रात जर कोणी खरोखर काही केले असेल, तर ते या साहेबाने आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या अनामिक कारागिरांनी केले, असे आमचे मत झाले आहे. त्यासाठी त्यांनी कोणाकडून फी घेतली नाही.

मात्र वेग आणि आकलन या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्या समाजाच्या इतिहासात दुसरीचेच पारडे जड राहिले. त्याचा आरंभ पाहायचा तर गोव्याला जावे लागते.

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात, येशूसंघीयांच्या संत पॉलच्या विद्यालयात सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी तिथे संत फ्रान्सिस झेवियर यांची प्रश्नोत्तरी छापली गेली. पण झेवियर स्वतः १५४२ साली गोव्यात आले तेव्हा त्यांचे साधन पुस्तक नव्हते, हातातली घंटा होते. घंटा वाजवीत रस्त्याने जायचे, मुले गोळा करायची आणि श्रद्धेची सूत्रे चालीवर म्हणवून घ्यायची. मुले ती घरी नेत आणि आईबापांसमोर म्हणत.

याच गोव्यात १५७८ च्या सप्टेंबरात मातेओ रिची हा इटालियन तरुण उतरला आणि पुढच्या वर्षी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. दोघेही येशूसंघीय. रिची १५८२ मध्ये मकावला निघून गेला, तो पुढे चीनचा झाला; स्टीफन्स साष्टीत राहिला, तो आपला झाला. वाचलेले लक्षात कसे राहावे या प्रश्नाला दोघांनी दिलेली उत्तरे आम्हाला शेजारी शेजारी ठेवून पाहाविशी वाटतात.

रिचीने १५९६ साली नानचांग येथे स्मरणकलेवर चिनी भाषेत एक पुस्तिका लिहिली. तत्त्व असे की, मनात एक मोठा वाडा कल्पावा, त्याच्या दालनांत ठरावीक जागी चित्रे मांडावीत आणि प्रत्येक चित्राला एकेक गोष्ट बांधून ठेवावी. मग मनानेच त्या वाड्यातून फेरी मारली की सर्व काही क्रमाने आठवते. रिची स्वतः शेकडो चिनी अक्षरे एकदा वाचून उलटसुलट म्हणून दाखवी. तिथल्या प्रांताधिकाऱ्याचे मुलगे राजसेवेच्या परीक्षेला बसणार होते, त्यांच्यासाठी ही पुस्तिका. म्हणजे प्रश्न आमच्या भिवंडीकर आईबापांचाच! त्या थोरल्या मुलाने ती वाचून जे मत दिले ते रिचीने प्रामाणिकपणे पत्रात कळवले आहे. नियम सारे खरे आहेत, पण ते वापरता येण्यासाठी आधीच उत्तम स्मरणशक्ती असावी लागते, असा त्याचा आशय. चारशे वर्षांपूर्वीचे हे मत जाहिरातीच्या खाली छापायला हरकत नव्हती.

स्टीफन्सपुढची माणसे परीक्षेला बसणारी नव्हती. साष्टीतल्या नवख्रिस्ती कुटुंबांकडून त्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. ती गेली तेव्हा केवळ देवादिकांच्या कथा गेल्या असे नाही. संध्याकाळी एकत्र बसून ऐकायचे जे होते ते गेले. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी स्टीफन्सने प्रसंग घातला आहे तो याच पोकळीचा. रविवारी धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण उठतो आणि विचारतो की, आमची पुराणे बंद केलीत, तर तुम्ही आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? आम्हाला या प्रश्नातली व्यथा फार खरी वाटते. मिशनऱ्यांच्या त्या काळातल्या वर्तनाकडे आज पाहताना आपली मान खाली जाते. तो प्रश्न आपल्या ग्रंथाच्या दाराशीच मांडून ठेवण्याचे धैर्य एका मिशनऱ्याला झाले, हेही सांगितले पाहिजे.

'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्याचे दोन भाग: पहिले पुराण छत्तीस प्रसंगांचे, दुसरे एकोणसाठ. मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली काढलेल्या आवृत्तीप्रमाणे पहिल्यात ४,१८१ आणि दुसऱ्यात ६,७८१, मिळून १०,९६२ ओव्या होतात. नागरी खिळे गोव्यात नव्हते म्हणून रोमन लिपी आली. आमचा कयास असा की, त्या लिपीबरोबर शब्दांमधली मोकळी जागाही आली असावी, आणि नवशिक्या वाचकाला तिचा आधार झाला असावा.

आता थोडे गणित करू. ओवी घाई न करता चालीवर म्हटली तर पंधरा सेकंद लागतात; आम्ही घड्याळ लावून पाहिले. एका प्रसंगात सरासरी एकशे पंधरा ओव्या, म्हणजे एक प्रसंग सुमारे अर्ध्या तासाचा. दर रविवारी एक प्रसंग म्हटला तर पंच्याण्णव रविवार, म्हणजे वर्ष सरून दुसऱ्याचाही बहुतेक भाग जातो. ओवीला पंधरा शब्द धरले, तर मिनिटाला हजार शब्द वाचू म्हणणारा जाहिरातीतला विद्यार्थी हाच ग्रंथ पावणेतीन तासांत हातावेगळा करील. साष्टीतल्या शेतकऱ्याला त्यासाठी पावणेदोन वर्षे लागली असती, आणि ती संपली की तो पुन्हा पहिल्या प्रसंगापासून सुरुवात करणार. ओवीचा साचा या कामासाठीच घडलेला आहे. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा मोकळा. पहिला चरण कानी पडला की तिसऱ्याचा शेवट कानाला आधीच जाणवू लागतो. ज्ञानेश्वरीच्या मातीतले हे पात्र एका परदेशी धर्मगुरूने ओळखले आणि त्यात बायबल ओतले.

स्टीफन्सच्या संघाची शिकवण्याची पद्धतही याला पोषक होती. १५९९ साली येशूसंघाने आपल्या विद्यालयांसाठी अभ्यासक्रमाची नियमावली पक्की केली. तिच्यात पाठाची पूर्ववाचनाची रीत सांगितली आहे. शिक्षकाने उतारा आधी संपूर्ण मोठ्याने वाचावा, मग त्याचा मथितार्थ थोडक्यात सांगावा, मग वाक्यावाक्याची फोड करावी. दुसऱ्या दिवशी कालच्या पाठाची उजळणी, शनिवारी आठवड्याची. नवा भाग थोडा, जुन्याची आवृत्ती फार, असा एकूण बेत.

अशा मुरवलेल्या वाचनाचे मोल केव्हा कळते? ग्रंथ हातचा जातो तेव्हा. गोव्यातील छापखाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थंडावले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने फर्मान काढून स्थानिक भाषेला बंदी केली आणि तीन वर्षांच्या आत सर्वांनी पोर्तुगीज बोलावे असे फर्मावले. गोव्यात छापखाना पुन्हा सुरू झाला तो १८२१ साली. मधली जवळजवळ दीडशे वर्षे मुकी. 'ख्रिस्तपुराणा'च्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज कोठे असल्याचे आढळत नाही. हे वाक्य लिहिताना आमचा हात क्षणभर थांबला. तीनदा छापलेला ग्रंथ छापील रूपात पार नाहीसा होतो! उरल्या त्या हस्तलिखित नकला. ज्यांना ओव्या पाठ होत्या, ज्यांना त्या हव्या होत्या, त्यांनी त्या उतरवून ठेवल्या आणि मुलाबाळांच्या हाती दिल्या. सालढाणांची आवृत्ती अशाच हस्तलिखितांवरून सिद्ध झाली. लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात नागरी लिपीतली एक पोथी आहे, तिच्याकडे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२५ च्या सुमारास अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली आणि १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची.

उत्तर कोकणाने आपले वेगळे पुराण सांभाळले. फ्रान्सिस्कु वाश द गिमाराइंश याचे, प्रभूच्या दुःखसहनावरचे. तेही सतराव्या शतकातले. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन घरांतून उपवासकाळात ते गाइले जाई, आणि एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापले गेले. त्याची भाषा स्टीफन्सइतकी प्रौढ नाही, परंतु ती चुलीजवळची आहे.

आमची भिवंडी या नकाशात कुठे बसते? खरे तर काठावर. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे. खाडीच्या अलीकडे कशेळीवरून भिवंडीकडे वळले की मुलूख निराळा. कल्याण-भिवंडी १६५७ साली शिवाजी महाराजांनी घेतली. त्यामुळे वसई-ठाण्यासारखी पोर्तुगीज चर्चे या शहराच्या वाट्याला आली नाहीत, आणि आज इथे जी कॅथोलिक घरे आहेत ती वसईहून, नगरकडून, गोव्याहून, केरळातून पोटापाण्यासाठी आलेली. आमच्या संमेलनात चार भाषांतली स्तोत्रे होतात.

पण फार मागे गेले तर हा परिसर ख्रिस्ती इतिहासाला अपरिचित नाही. सहाव्या शतकातल्या कॉस्मास या प्रवाशाने 'कल्लिआना' येथे पर्शियातून दीक्षा घेऊन आलेला महागुरू असल्याचे लिहिले आहे, आणि पुष्कळ विद्वान हे आपले शेजारचे कल्याणच मानतात. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी हुतात्मे झाले. पाठोपाठ आलेल्या ओदोरिकने तिथे नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याचे नमूद केले. त्यानंतर ही घरे इतिहासातून पुसली जातात. ती का पुसली गेली याची कारणे अनेक असतील. आमच्या मनात एकच विचार घोळतो. त्यांची उपासना सिरियाक भाषेत होती, आणि त्यांच्या घरात म्हणायला मराठीतले काही असल्याची खूण मागे उरलेली नाही. साष्टीच्या घरांत छापखाना बुडाला तरी ओवी उरली. हा पुरावा नव्हे, आमचा तर्क आहे. वाचकांनी तो तसाच घ्यावा.

आता जाहिरातीकडे येऊ. वेगवाचनाच्या आधुनिक शास्त्राला आरंभ झाला तो फ्रान्समध्ये. वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तर लहान उड्या मारीत आणि मध्ये क्षणभर थांबत जातो, ही गोष्ट एमिल जाव्हाल या नेत्रवैद्याच्या कामातून १८७९ च्या सुमारास पुढे आली. मग थांबे कमी केले तर वेग वाढेल, असा विचार निघणे साहजिक होते. अमेरिकेत एव्हलिन वुड या शिक्षिकेने १९५९ साली त्याचे वर्गच काढले. पानावरून हात फिरवावा, मनातल्या मनात शब्द उच्चारू नयेत, मागे वळून वाचू नये, असा तिचा उपदेश, आणि मिनिटाला हजारो शब्दांचे आश्वासन. त्या वर्गांना राजकारणी मंडळींची गर्दी लोटली. आजच्या खांबावरची जाहिरात या घराण्यातली आहे.

या दाव्यांची झडती कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत परामर्शात घेतली. सुशिक्षित माणूस इंग्रजी मजकूर समजून घेत मिनिटाला २०० ते ४०० शब्द वाचतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट वेग करू गेल्यास आकलन घटते. डोळ्याच्या मध्यबिंदूजवळची थोडीशी अक्षरेच स्पष्ट दिसत असल्याने एका नजरेत पान टिपता येत नाही. मनातला उच्चार दाबला तर अर्थाला बाधा येते. मागे वळणारी नजर बहुधा चुकलेला अर्थ सावरण्यासाठी वळते. चाळणे ही कला उपयोगी आहे, पण ते वाचन नव्हे. वेग खरोखर वाढतो तो भाषेवरची पकड आणि विषयाची आधीची ओळख वाढल्याने, म्हणजेच पुष्कळ वाचल्याने.

अभ्यासाची जी रीत परीक्षांत टिकली ती फ्रान्सिस रॉबिन्सन या अमेरिकन प्राध्यापकाने १९४६ साली मांडली. आधी धडा वरवर पाहा, मग स्वतःला प्रश्न विचारा, मग वाचा, पुस्तक मिटून आठवा, आणि शेवटी उजळणी करा. १५९९ च्या नियमावलीशी हिचे साम्य पाहून आम्हाला गंमत वाटली. मथितार्थ आधी, फोड नंतर, उजळणी वरचेवर. एक भर मात्र मोलाची आहे: पुस्तक मिटून आठवणे. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा असे आठवून पाहणे अधिक टिकते, हे अलीकडच्या प्रयोगांनीही दाखवले आहे. ओवी पाठ म्हणणाऱ्या आजीला ते प्रयोगाविना ठाऊक होते.

चर्चमध्ये मात्र आपण वेगाचे बळी झालो आहोत, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला वेदीवर जागा मिळाली. १९६९ च्या नव्या वाचनक्रमाने रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात बांधली, त्यामुळे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक बायबल आपल्या कानी पडू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने ते मराठी वाचकाला आणखी जवळ आणले. पण वाचनपीठावरचा वाचक? तो पौलाचे लांब वाक्य एका दमात संपवतो, आणि 'हा प्रभूचा शब्द' म्हणेपर्यंत अर्धी मंडळी बसूनही झालेली असते. आम्हीही हे पाप केले आहे. गाडी गाठायची असते.

त्या कुटुंबांना आम्ही शेवटी काय सांगितले? वर्गाचे पैसे वाचवा आणि मुलाला ग्रंथालयाचे सभासद करा. शेजारी कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. घरी दररोज दोन पाने मोठ्याने वाचावीत, मग पुस्तक मिटून काय वाचले ते धाकट्या भावंडाला सांगावे. एका वडिलांना हे पटले. दुसऱ्यांनी मुलाला वर्गाला घातले. त्यात आम्ही रागावण्यासारखे काही नाही, मूल त्यांचे आहे आणि काळजीही त्यांचीच.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दुपारी एका घरी पंधरा माणसे जमवून आम्ही द्रागो यांच्या आवृत्तीतून दुसऱ्या पुराणाचा एक प्रसंग वाचायला घेतला. वाचायला बसला तो वर्गाला जाणारा मुलगाच. गणिताप्रमाणे अर्धा तास लागायला हवा होता. पहिल्या दहा ओव्या त्याने झपाट्याने उरकल्या, तेव्हा कोपऱ्यातून एका वसईकर आजींनी 'बाबा, परत म्हण' असे सांगितले. त्याने परत म्हटल्या. मग कोणी एक शब्द विचारला, नगरकडच्या एका मावशींनी तो आपल्याकडे अजून बोलतात म्हणून सांगितले, आणि त्यावर चर्चा झाली. प्रसंग निम्माही झाला नाही तोच सव्वा तास उलटला आणि चहा आला. पुढच्या रविवारी उरलेला वाचायचा असे ठरले आहे. मुलाने ग्रंथ सोबत घरी नेला.